नागपूरचं घर अंदमानला नेताना: घनमीटर, ओलावा आणि आठ वेळची उचल

अंदमानला बदली झाली की घरात पहिली भीती असते ती समुद्राची. सामान बुडालं तर? खरं नुकसान मात्र दोनच कारणांनी होतं. एक, वाटेतल्या उचल-ठेवीत सामान मोडतं. दुसरं, ओलाव्याने ते बुरसतं, गंजतं, फुगतं. ही दोन कारणं डोळ्यांसमोर ठेवून बांधाबांध केली तर नागपूरचं घर पोर्ट ब्लेअरला धड पोचतं. (सप्टेंबर २०२४ पासून शहराचं सरकारी नाव श्री विजय पुरम आहे. पावतीवर दोन्हीपैकी कोणतंही दिसलं तरी गोंधळू नका.)

आधी वाट समजून घेऊ. बंगालच्या उपसागरातून अंदमानला मुख्य भूमीवरून चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तीन बंदरांतून जहाजं जातात. नागपूरकरांना बहुतेक वेळा चेन्नई सोयीची पडते, कारण हैदराबादवरून साधारण अकराशे किलोमीटरचा सरळ रस्ता आहे आणि आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे ट्रक तिकडे रोज सुटतात. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रमार्ग जवळपास बाराशे किलोमीटर. जहाजाचा प्रवास जेमतेम तीन दिवसांचा असतो, पण वेळ जातो तो थांबण्यात. नागपुरात ट्रक भरेपर्यंत, चेन्नईच्या गोदामात कंटेनर भरेपर्यंत, जहाजाची तारीख लागेपर्यंत, पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्यावर कंटेनर उतरून मोकळा होईपर्यंत. दारापासून दारापर्यंत तीन ते पाच आठवडे धरून चाला आणि तेवढे दिवस अंगावरच्या बॅगांमधल्या सामानावर काढता येतील अशी तयारी ठेवा.

आता उचल मोजू. तुमचं सामान पूर्ण कंटेनरभर नसेल तर ते इतरांच्या सामानासोबत जातं. घरातून छोट्या गाडीत (एक), गाडीतून नागपूरबाहेरच्या वाडी किंवा कापसीच्या गोदामात (दोन), गोदामातून मोठ्या ट्रकमध्ये (तीन), ट्रकमधून चेन्नईच्या गोदामात (चार), तिथून कंटेनरमध्ये (पाच), पोर्ट ब्लेअरला कंटेनरमधून गोदामात (सहा), तिथून टेम्पोत (सात), टेम्पोतून घरात (आठ). आठ वेळा आठ वेगळ्या माणसांचे हात. त्यातल्या बहुतेक वेळी तुम्ही समोर नसता. म्हणून खोक्यावर "नाजूक" लिहून भागत नाही. खोकं असं भरायचं की कंबरेइतक्या उंचीवरून खाली पडलं तरी आतलं शाबूत राहील.

पूर्ण कंटेनर घेतला आणि नागपूरचा ट्रक चेन्नईत थेट त्याच कंटेनरला लावून सामान हलवलं, तर उचल आठाच्या चार होतात. वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. हिशेबाने ३३ घनमीटर, पण घरगुती सामान ठोकळ्यांसारखं बसत नाही, त्यामुळे २५ ते २८ घनमीटर भरला म्हणजे चांगला भरला. दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचं बेताचं घर १५ ते २० घनमीटरमध्ये मावतं. म्हणजे पूर्ण कंटेनर कधी परवडतो? माझ्या मते १५ घनमीटरच्या पुढे गेलात की दोन्ही दर मागवाच. तीन-चार घनमीटर जागा रिकामी गेली तरी निम्म्या उचली वाचतात, शिवाय शेजारच्या कोणाचं लोणच्याचं पिंप तुमच्या गादीवर फुटत नाही. कंटेनर नागपुरात दारापर्यंत मागवण्याची कल्पना मात्र महाल, इतवारीच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी सोडून द्यावी. ट्रेलर वळत नाही. वळला तरी कंटेनरची जमीन रस्त्यापासून चार-पाच फूट वर असते आणि उताराची फळी नसेल तर आलमारी तिथवर चढवताना माणूस जखमी होतो.

घनमीटर मोजा, मग वस्तूंशी नातं ठरवा

जहाजाचं भाडं वजनावर किंवा आकारमानावर, यातलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. एक टन की एक घनमीटर, अशी तुलना असते. घरगुती सामान हलकं आणि फुगीर असल्यामुळे जवळजवळ नेहमी आकारमानच जिंकतं. टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, ३५.३ ने भागा. झाले घनमीटर.

हा गुणाकार केला की घरातल्या वस्तूंकडे बघण्याची नजर बदलते. तीन माणसांचा सोफा, साडेसहा बाय पावणेतीन बाय पावणेतीन फूट, म्हणजे ४९ घनफूट, जवळपास १.४ घनमीटर. आणि आत काय? फोम आणि हवा. साडेसहा फुटी लोखंडी आलमारी ३१ घनफूट, म्हणजे ०.९ घनमीटरपेक्षा थोडी कमी, पण तिच्या पोटात कपडे, चादरी, हलकी खोकी भरता येतात, म्हणून तिचं भाडं वाया जात नाही. सहा बाय सहाची सहा इंची गादी १८ घनफूट, अर्धा घनमीटर. मध्यम आकाराचा दोन दारी फ्रिज ०.६५ घनमीटरच्या आसपास.

आणि कूलर. नागपूरकराचा कूलरवरचा जीव मला माहीत आहे. एप्रिल-मे-जून आपण त्याच्याच भरवशावर काढतो. पण तीन बाय तीन बाय चार फुटांचा लोखंडी कूलर ३६ घनफूट, म्हणजे बरोबर एक घनमीटर जागा खातो आणि बेटावर त्याचा काहीही उपयोग नाही. कूलर गार करतो तो पाणी उडून जाण्यामुळे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताटीवरचं पाणी झपाट्याने उडतं. अंदमानात हवेची आर्द्रता बारा महिने ८० टक्क्यांच्या आसपास असते, तिथे पाणी उडतच नाही. कूलर फक्त खोली चिकट करेल आणि वर्षभरात स्वतः गंजून जाईल. तो इथेच विका किंवा भावाकडे ठेवा. रजयांचंही तसंच. तिथे पारा २० अंशांच्या खाली क्वचितच जातो. चार रजया आणि स्वेटरांची एक ट्रंक हे अर्धा घनमीटर उगाच भाडं आहे. इन्व्हर्टरची बॅटरीही इथेच काढा. तेजाबाची बॅटरी धोकादायक मालात मोडते, वजन पन्नास-साठ किलो, आणि आडवी झाली तर खालचं सगळं जाळते.

पार्टिकल बोर्डचं फर्निचर, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या फळीवर सनमायका लावलेलं, नेऊच नका. एकदा खोललं की त्याचे स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाहीत आणि दमट हवेत कडा पापडासारख्या फुगतात. सागवान मात्र जरूर न्या. चंद्रपूर-बल्लारशाकडच्या सागवानाचा पलंग किंवा टेबल घरात असेल तर तिथल्या हवेत टिकणाऱ्या लाकडांत तो अगदी वरचा आहे.

कोरडेपणा बंद करून न्या

नागपूरच्या माणसाकडे एक सोय आहे जी मुंबईच्या किंवा कोकणातल्या माणसाकडे नाही. फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या घरातली प्रत्येक वस्तू हाडापर्यंत वाळलेली असते. पुस्तकं, कपडे, पुठ्ठा, लाकूड, सगळं. या वाळलेल्या वस्तू इथेच हवाबंद केल्या तर तो कोरडेपणा बेटापर्यंत सोबत येतो.

कंटेनरच्या आत पाऊस पडतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. दिवसा उन्हाने कंटेनर तापतो, आतल्या वस्तूंमधलं पाणी हवेत येतं. रात्री समुद्रावर छताचा पत्रा गार होतो, त्यावर दव जमतं आणि थेंबथेंब खाली गळतं. हे पाणी बाहेरून आलेलं नसतं. बंद हवेत फार पाणी मावतही नाही. ते आलेलं असतं ओल्या लाकडी पॅलेटमधून, दमट पुठ्ठ्यातून, कंटेनरच्या धुतलेल्या आणि न वाळलेल्या लाकडी जमिनीतून. म्हणून खोक्यांखाली घालायच्या फळ्या लकडगंजमधून घ्याल तेव्हा ताज्या कापलेल्या घेऊ नका. हातात घेतल्यावर गार लागणारी, वजनाला जड फळी ओली असते. आठवडाभर गच्चीत ऊन दाखवा, मगच वापरा. कंटेनरच्या आत कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या असतात, वीस फुटीला एकेक किलोच्या सहा ते आठ. त्या छताजवळ कडांना टांगा आणि खाली काही नाजूक ठेवू नका, कारण भरलेली पिशवी फाटली की खारट पाणी गळतं. सगळ्यांत वरच्या थरावर जुनी चादर आणि तिच्यावर पुठ्ठे पसरा. गळलेलं दव त्यात मुरतं. वर नुसतं प्लास्टिक टाकलं तर पाणी घरंगळून एका कोपऱ्यात साचतं आणि तिथलं खोकं भिजवतं.

खोक्याच्या आतली रीत वेगळी. पुस्तकं, कागद, कपडे आधी जाड पॉलिथिनच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पिशवीचं तोंड पिळून टेप, मग खोक्यात. ही पिशवी कोरड्या दिवशी, दुपारी बांधायची. जूनच्या मध्यावर नागपुरात पाऊस आला की हे सूत्र उलटतं. दमट हवा आत कोंडली जाते आणि महिनाभरात पुस्तकांवर हिरवे ठिपके उमटतात. पावसाळ्यातच निघावं लागलं तर वस्तू पंख्याखाली आणि दिव्याच्या उबेला दोन दिवस वाळवून मगच पिशवीत घाला आणि पुड्या दुप्पट करा.

लाकडाला मात्र पिशवीत कोंडू नका. ही चूक व्यवसायाने बांधाबांध करणारेही करतात. पॉलिशवर थेट बबलरॅप गुंडाळतात, वरून ताणाची फिल्म. मे महिन्यात बंद ट्रकमध्ये जे तापमान होतं त्यात बबलचे गोल पॉलिशवर कायमचे उमटतात आणि फिल्मखाली अडकलेला ओलावा पांढरे डाग पाडतो. लाकडाला आधी सुती चादर किंवा तपकिरी कागद, मग बबलरॅप, मग पुठ्ठा, आणि कोपऱ्यांवर दुहेरी पुठ्ठ्याचे कोन. फिल्म सगळ्यांत बाहेर, तीही खालची बाजू मोकळी सोडून.

सागवानी ड्रॉवर तिथे गेल्यावर अडकणार, हे आत्ताच मान्य करा. आपल्या उन्हाळ्यात लाकडात पाच-सात टक्के ओलावा उरतो, तिथल्या हवेत ते पंधरा-सोळा टक्क्यांवर स्थिरावतं. एवढ्या फरकाने सहा इंच रुंदीची फळी रुंदीत दोन मिलिमीटरपर्यंत फुगते. लांबीत फरक पडत नाही. आपल्या सुताराने उन्हाळ्यात अंगाबरोबर बसवलेला ड्रॉवर मग हलतच नाही. इथे रंधा मारून घेऊ नका, आणि तिथे पोचल्याबरोबरही नको. लाकूड स्थिर व्हायला दोन महिने द्या, मग जेवढं लागतं तेवढंच घासा. इथून निघण्यापूर्वी एक काम आवर्जून करा. आलमारी, कपाट, टेबल यांच्या मागच्या, खालच्या, आतल्या पॉलिश नसलेल्या बाजूंना पॉलिशचा एक हात द्या, निदान दहा दिवस आधी, म्हणजे पूर्ण वाळेल. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी उघडी असली की फळी उघड्या बाजूने फुगते आणि वाकते.

लोखंडाच्या आलमारीला खरचटलेल्या जागी रंगाचा ठिपका, बिजागऱ्या आणि कुलपात वंगण, आणि पायांच्या आत, जिथे पत्रा दुमडलेला असतो, तिथे मेणाचा किंवा गंजरोधक तेलाचा थर. गंज तिथूनच सुरू होतो. बिडाचा तवा तेल लावून कागदात. शिलाई मशीनच्या प्रत्येक छिद्रात तेल.

खोकी, टेप, नंबर

पुस्तकांना दीड घनफुटाचं छोटं खोकं, अठरा बाय बारा बाय बारा इंच. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की ते चाळीस किलोचं होतं, आणि चाळीस किलोचं खोकं कोणी उचलून ठेवत नाही, टाकतं. वीस किलोवर एकही खोकं जाऊ देऊ नका. काचेला आणि चिनी मातीला सात थरांचा पुठ्ठा, बाकीला पाच थरांचा. ताटल्या आडव्या रचू नका, कागदात गुंडाळून उभ्या लावा, त्या कडेवर जास्त भार सोसतात. तळाशी आणि वर दोन-दोन इंच चुरगळलेला कागद. खोकं हलवून कान लावा. आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.

टेपवर भरवसा नको. नागपूरच्या उन्हात तपकिरी टेपचा गोंद मऊ पडतो आणि पुढे दमट हवेत तो सुटतो. इंग्रजी एच सारखी टेप मारा आणि वरून प्लास्टिकची पट्टी दोन बाजूंनी आवळा.

प्रत्येक खोक्यावर वर आणि दोन शेजारच्या बाजूंवर नंबर लिहा, "१७/४६" असा, म्हणजे एकूण किती हे प्रत्येक खोक्यालाच ठाऊक असतं. सोबत नाव, पोर्ट ब्लेअर आणि फोन. आत काय आहे ते बाहेर लिहू नका. "मिक्सर", "टीव्ही" असं लिहिलेलं खोकं गोदामात वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. नंबरवार यादी तुमच्याकडे, एक प्रत ट्रान्सपोर्टवाल्याकडे, एक घरच्या माणसाकडे.

यंत्रांचं थोडक्यात सांगतो. फ्रिज एक दिवस आधी बंद करा, बर्फ वितळवा, पुसून कोरडा करा, दारांत कापडाची घडी अडकवून फट ठेवा, नाहीतर आत बुरशी बसते. फ्रिज उभाच जायला हवा. आडवा गेला असं कळलं तर तिथे उभा करून चोवीस तास थांबूनच सुरू करा. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे मागचे वाहतूक-बोल्ट, बहुधा चार, विकत घेताना काढून कुठेतरी ठेवलेले असतात. ते शोधा आणि बसवा. त्यांच्याशिवाय ड्रम स्प्रिंगवर लोंबकळत प्रवास करतो आणि मशीन पोचतं ते खडखडाट घेऊनच. एसीचा गॅस मेकॅनिककडून बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून घ्या, नळ्यांची तोंडं टोपणांनी बंद करा. उघड्या नळीत शिरलेला ओलावा कॉम्प्रेसर खातो. टीव्ही उभा, दोन फोमच्या पाट्यांमध्ये. आरओचं पाणी पूर्ण काढा आणि मेम्ब्रेन तिथे नवीनच टाका.

खाण्याचं काहीही या सामानात नको. तूरडाळ, वड्या, सावजी मसाला हे सगळं अंगावरच्या सामानात, थोडं. गोदामात एका फुटलेल्या डाळीच्या पिशवीमागे उंदीर येतात आणि तुमच्या गादीत घर करतात. गॅस सिलिंडर, रॉकेल, रंग, थिनर, स्प्रेचे डबे, काड्यापेट्या, सुटे पॉवर बँक, हे जहाजाच्या मालात चालत नाही. एका स्प्रेच्या डब्यापायी सगळा कंटेनर अडकू शकतो. सिलिंडर आणि रेग्युलेटर नागपूरच्या एजन्सीत जमा करा, बदलीचं व्हाउचर घ्या. शेगडी तुमची, ती सोबत. मूळ प्रमाणपत्रं, दागिने, औषधं आणि मुलांचे शाळेचे दाखले हातातल्या बॅगेत.

कागद

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीचा माल-वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, जीएसटीच्या नियम १३८ च्या परिशिष्टात तशी सूट आहे. तरी ट्रकसोबत सही केलेली यादी आणि "वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही" असं लेखी निवेदन द्या, बदलीच्या आदेशाची प्रतही. सीलबंद नवीन वस्तू असेल तर तिचं बिल वेगळं जोडा, तिला वापरलेलं म्हणता येत नाही.

नागपुरात केंद्र सरकारची कार्यालयं भरपूर, आणि काहींची दोन्हीकडे. मानवशास्त्र सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र इथेही आहे आणि पोर्ट ब्लेअरलाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगाच्या नियमांत लेव्हल ६ आणि वरच्यांना ६००० किलो, लेव्हल ५ ला ३००० किलो, त्याखाली १५०० किलो सामानाची मर्यादा आहे. बदलीचं एकत्रित अनुदान इतरत्र मूळ वेतनाच्या ८० टक्के असतं, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या बदलीला १०० टक्के. दाव्यासाठी वजन सिद्ध करावं लागतं, म्हणून ट्रक रिकामा आणि भरलेला अशा धरमकाट्याच्या दोन पावत्या त्याच दिवशी घ्या. नंतर त्या मिळत नाहीत. रस्त्याचं आणि समुद्राचं भाडं बिलात वेगवेगळं दाखवून घ्या.

गाडी नेणार असाल तर एमएच-३१ किंवा एमएच-४९ च्या आरटीओकडून फॉर्म २८ ची ना-हरकत काढा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी लागतं, आणि तिथेच बहुतेकांचे दोन आठवडे जातात. दुसरीकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार तर नोंदणी बदलावी लागते. देशभर चालणाऱ्या बीएच मालिकेचा नंबर असलेल्यांना ही यातायात नाही. जहाजावर चढवताना टाकीत पेट्रोल नावापुरतं, बॅटरीची तार सुटी, आणि गाडीत एकही घरगुती वस्तू नको.

विम्याबद्दल बरेच जण फसतात ते शब्दांमुळे. ट्रान्सपोर्टवाला बिलात "जोखीम शुल्क" लावतो, तो विमा नसतो. पावतीच्या मागे बारीक अक्षरात "मालकाच्या जोखमीवर" छापलेलं असतं. विमा कंपनीची पॉलिसी वेगळी घ्या, नागपूरच्या दारापासून पोर्ट ब्लेअरच्या दारापर्यंत, समुद्र आणि गोदामातला मुक्काम दोन्ही धरून. समुद्री मालविम्यात ए, बी, सी अशी कलमं असतात. ए मध्ये जवळपास सगळे धोके येतात, सी मध्ये आग, जहाज बुडणं अशा मोठ्या घटनाच. ताटल्या फुटल्या तर सी काही देत नाही. यादीतल्या प्रत्येक वस्तूची आजची किंमत लिहा. चार लाखांचं सामान दोन लाखांचं दाखवलं तर एका लाखाच्या नुकसानीचे पन्नास हजारच हाती येतात. स्वतः भरलेल्या खोक्यांतली तूटफूट काही पॉलिसींत वगळलेली असते, हे सही करण्यापूर्वी विचारा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवण्यासाठी कप्तानाने काही माल समुद्रात टाकला किंवा मदतीचं जहाज बोलावलं, तर तो खर्च वाचलेल्या मालाच्या सगळ्या मालकांवर वाटला जातो. तुमचं खोकं सुखरूप असलं तरी. तीनही कलमांत हा वाटा विमा भरतो. विमा नसेल तर हमी दिल्याशिवाय सामान सुटत नाही.

दर ठरवताना एकच प्रश्न तीन वेळा विचारा: हा दर कुठपर्यंत? वाडीच्या गोदामापासून चेन्नईपर्यंत, हॅडो धक्क्यापर्यंत, की तिसऱ्या मजल्यावरच्या दारापर्यंत? धक्क्याचे आकार, दोन्हीकडची हमाली, चेन्नईच्या गोदामाचं भाडं, कंटेनर वेळेत रिकामा न केल्याचा दंड, हे कोण भरणार ते लेखी हवं. बदली पोर्ट ब्लेअरची नसून रंगत, मायाबंदर किंवा दिगलीपूरची असेल तर पुढचा एक टप्पा वेगळा धरा. अंदमान ट्रंक रोडवर जिरकाटांगपासून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात आणि पुढे मिडल स्ट्रेटला गाडीसकट बार्जवरून खाडीच्या पलीकडे जावं लागतं. कार निकोबारला तर पुन्हा जहाज. तिथे जाणाऱ्यांनी दोन ट्रंका आणि गादीवर भागवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी निघायचं, कसं भरायचं

जानेवारी ते एप्रिलचा पहिला पंधरवडा ही सगळ्यांत चांगली वेळ. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मान्सून अंदमानला टेकतो, आपल्याकडे यायच्या जवळपास महिनाभर आधी. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईचा पावसाळा आणि उपसागरातल्या चक्रीवादळांचा मोसम एकत्र येतात. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ आठवा. गोदामात सामान जमिनीवर असेल तर गुडघाभर पाणी पुरेसं आहे. शाळांमुळे मे टाळता येत नसेल तर माणसं मेमध्ये जाऊ देत, सामान मार्चमध्ये पाठवा.

पूर्ण कंटेनर घेतला असेल तर चेन्नईत भरताना कोणीतरी आपलं माणूस उभं हवं. रिकाम्या कंटेनरमध्ये आत शिरून दार बंद करायला सांगा आणि वर बघा. कुठूनही उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत करा. नाकही वापरा. आधीच्या मालाचा, रसायनाचा किंवा मासळीचा वास गाद्यांमध्ये कायमचा बसतो. जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटून. ट्रक पुढे-मागे धक्के देतो, जहाज मात्र डावी-उजवीकडे डोलतं, तासन्तास. त्यामुळे बाजूच्या भिंतीलगत एक वीतभर फट राहिली तरी तीन दिवसांत आलमारी शेजारच्या काचेला शंभर वेळा धडकते. फटी गाद्यांनी, उशांनी, दुमडलेल्या पुठ्ठ्यांनी ठासून भरा. दाराजवळचा शेवटचा थर दोरखंडाने बांधा, नाहीतर तिकडे दार उघडताना खोकी उघडणाऱ्याच्या अंगावर येतात. सील लावल्यावर त्याचा नंबर लिहून घ्या आणि फोटो काढा.

पोर्ट ब्लेअरला सीलचा नंबर जुळतो का ते आधी पाहा, मगच ते तोडू द्या. खोकी मोजताना नंबरावर खूण करत जा. फाटलेलं, भिजलेलं, चेपलेलं काही दिसलं तर पोच देताना त्याच कागदावर लिहा: "खोकं २३ भिजलेलं, आतलं तपासणं बाकी." कोरी सही दिली की दावा तिथेच कमजोर होतो. वरून चांगलं दिसणाऱ्या खोक्यात आतून नुकसान निघालं तर तीन दिवसांत लेखी कळवा, विमा कंपनीला त्याच दिवशी, आणि तिचा माणूस पाहून जाईपर्यंत फुटलेलं फेकू नका. रस्त्याच्या वाहतूकदाराला नोटीस द्यायची मुदत बुकिंगपासून १८० दिवसांची आहे.

उघडताना कपडे आणि पुस्तकं शेवटी. पिशव्या बंद आहेत तोवर आत नागपूरची हवा आहे, कपाट पुसून कोरडं होईपर्यंत ती तशीच राहू द्या. रिकामी खोकी मात्र घरात साठवू नका. पुठ्ठा ओलावा पितो, दोन आठवड्यांत त्यावर बुरशी येते आणि वाळवीलाही तो प्रिय आहे. आलमाऱ्या भिंतीपासून चार बोटं दूर, विटेवर.

दोन-तीन वर्षांनी बहुतेकांना परत यायचं असतं, म्हणून वॉशिंग मशीनचे बोल्ट, एसीच्या नळ्यांची टोपणं आणि पलंगाचे स्क्रू तेल लावून एका स्टीलच्या डब्यात ठेवा आणि तो डबा आलमारीतच राहू द्या. तिथे पडौक या स्थानिक लाकडाचं फर्निचर घ्यायचा मोह होईलच. घ्या, पण बिल जपा आणि बेटाबाहेर नेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी काढा. समुद्रावरची प्रवाळं मात्र सामानात चुकूनही घालू नका. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि मुलांनी हौसेने गोळा केलेल्या एका तुकड्यासाठी परतीचं सगळं सामान धक्क्यावर उघडलं जाऊ शकतं.